बॉल हरवला की काय? प्रोव्हिजनलचा नियम, पायरीपायरीने

श्रावणातली सकाळ होती. पुण्याजवळच्या एका मैदानावर क्लबची गोल्फ स्पर्धा चालू होती. पार चारच्या (चार फटक्यांत पुरा व्हावा अशा) होलवर माझा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा, सुरुवातीच्या जागेवरचा लांब फटका, उजवीकडे सटकला आणि झाडांच्या ओळीत शिरला. उजव्या अंगाला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे ओबी, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर. मी खिशातून दुसरा बॉल काढला, टीवर ठेवला, "दुसरा मारतो" म्हणालो आणि मारला. तो फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध गेला. चालत पुढे गेलो तोवर झाडांतून कॅडीची (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाची) हाक आली, "साहेब, मिळाला!" पहिला बॉल एका झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर होता. समोर ग्रीन (होलभोवतीची हिरवळ) उघडी आणि अंतर दीडशे यार्ड.

मी आयर्न काढलं. माझे मार्कर, म्हणजे माझा स्कोअर लिहिणारे, वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी विचारलं, "तू प्रोव्हिजनल म्हणालास का?"

"नाही काका. दुसरा मारतो म्हणालो."

"मग हा बॉल उचल. तुझा बॉल तो, फेअरवेवरचा. आणि तू तीन खेळून झालायस."

काकांचं बरोबर होतं. प्रोव्हिजनल म्हणजे पहिला बॉल सापडला नाही तर वापरायचा राखीव बॉल; तसं आधी सांगितलं नाही, तर दुसरा बॉलच खेळातला होतो. त्या होलवर माझ्या कार्डावर सहा लागले. पहिला बॉल खेळता आला असता तर चार झाले असते, फार तर पाच. दोन स्ट्रोक गेले ते खराब फटक्यामुळे नव्हे, एक शब्द न बोलल्यामुळे. तेव्हापासून या नियमाकडे मी नीट बघायला लागलो. दर शनिवार-रविवारी आपल्या मैदानांवर सर्वांत जास्त चुका याच नियमात होताना दिसतात, म्हणून हा लेख.

आधी मूळ समजून घेऊ: स्ट्रोक आणि अंतर, दोन्ही जातं

गोल्फच्या नियमपुस्तकात हा भाग नियम १८ मध्ये आहे. हे नियम स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. भारतात आपण आर अँड एचं पुस्तक वापरतो.

बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला, तर एक पेनल्टी स्ट्रोक घ्यायचा आणि मागचा फटका जिथून मारला तिथूनच पुन्हा मारायचा. फटका वाया जातो, कापलेलं अंतर वाया जातं आणि वर एक स्ट्रोक लागतो. टीवरून मारलेला बॉल हरवला, तर हिशोब असा: पहिला फटका एक, पेनल्टी दोन, आणि टीवरून पुन्हा मारलेला फटका तिसरा. मैदानावर याला "थ्री ऑफ द टी" म्हणतात ते यामुळेच.

हा नियम मोठ्यांनाही तितकाच कडक लागतो. २०१९ ची ओपन उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल पोर्टरशला झाली. १९५१ नंतर ती स्पर्धा पहिल्यांदाच तिथे परतली होती आणि रोरी मॅकलरॉय घरच्या प्रेक्षकांपुढे खेळत होता. पहिल्या होलला दोन्ही बाजूंना ओबी. त्याचा पहिलाच टी शॉट डावीकडे ओबी गेला. पुन्हा टीवर बॉल ठेवून मारला, तो त्याचा तिसरा फटका. पुढे आणखी एक बॉल अनप्लेएबल (खेळता न येण्याजोगा) झाला आणि पार चारच्या त्या होलवर आठ लागले. पहिल्या दिवशी ७९. दुसऱ्या दिवशी तो ६५ खेळला आणि तरीही एका स्ट्रोकने कट, म्हणजे पुढच्या फेऱ्यांची पात्रता, हुकला.

आता प्रोव्हिजनल कशासाठी ते बघू. बॉल शोधायला दोनशे यार्ड पुढे गेलात, सापडला नाही, मग पुन्हा दोनशे यार्ड मागे टीवर. तोवर मागचे दोन ग्रुप खोळंबलेले. हा हेलपाटा वाचावा म्हणून नियम सांगतो की शंका असेल तर जायच्या आधीच दुसरा बॉल मारून ठेवा. पहिला सापडला तर दुसरा उचला, नाही सापडला तर दुसरा आहेच. प्रोव्हिजनल आहे तो वेळ वाचवण्यासाठी. दोन बॉलमधून चांगला निवडण्याची मुभा त्यात कुठेही नाही. ही एक गोष्ट मनात ठेवली की पुढचे सगळे बारकावे आपोआप सुसंगत वाटू लागतात. मैदानावरचे बहुतेक वाद होतात ते प्रोव्हिजनलला "दुसरी संधी" समजल्यामुळे.

पायरी १: प्रोव्हिजनल मारायची परवानगी आहे का?

दोनच कारणं चालतात. बॉल ओबी गेला असू शकतो, किंवा पेनल्टी एरियाच्या बाहेर कुठेतरी हरवला असू शकतो. खात्री लागत नाही, शंका पुरे.

खुंट्यांचे रंग इथे महत्त्वाचे. पांढऱ्या खुंट्या म्हणजे हद्द, पलीकडे ओबी. लाल आणि पिवळ्या म्हणजे पेनल्टी एरिया: तळं, नाला, ओढा, कधी कधी नुसतीच झाडी. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा येरवड्याचं पूना क्लबचं मैदान, ही शहराच्या पोटातली मैदानं. अशा ठिकाणी ओबीचा विचार डोक्यात कायम असतोच. एक लक्षात ठेवा: बॉल पूर्णपणे हद्दीबाहेर असेल तरच तो ओबी. रेषेला नुसता टेकलेला बॉलसुद्धा आत धरतात. खुंट्या असतील तर हद्दीची रेषा त्यांच्या मैदानाकडच्या बाजूने, जमिनीलगत धरायची.

बॉल फक्त आणि फक्त पेनल्टी एरियातच असू शकतो, दुसरीकडे कुठे असण्याची शक्यताच नाही, अशा वेळी प्रोव्हिजनल मारता येत नाही. तळ्याच्या मधोमध पाणी उडालेलं सगळ्यांनी पाहिलं आणि तुम्ही "प्रोव्हिजनल" म्हणून दुसरा मारलात, तरी तो प्रोव्हिजनल होत नाही. तो सरळ स्ट्रोक आणि अंतराची पेनल्टी घेऊन खेळात आलेला बॉल होतो. तळ्याकाठी ड्रॉप घ्यायचा, म्हणजे बॉल हाताने खाली सोडून तिथून खेळायचा, मार्ग तिथेच बंद झाला.

पण नाल्याच्या अलीकडे गुडघाभर गवत आहे आणि बॉल त्यात अडकला असू शकतो, असं असेल तर प्रोव्हिजनल चालतो. पावसाळ्यात आपल्याकडे बहुतेक नाल्यांची हीच स्थिती असते.

पायरी २: शब्द उच्चारा, फटक्याच्या आधी

माझी चूक झाली ती इथे. दुसरा बॉल मारण्यापूर्वी तुम्ही प्रोव्हिजनल मारताय हे कुणाला तरी स्पष्ट कळलं पाहिजे. "प्रोव्हिजनल" हा शब्द वापरा, किंवा तोच अर्थ निःसंशय निघेल असं बोला. अधिकृत खुलाशात उदाहरणं दिली आहेत. "दुसरा मारतो" एवढं पुरत नाही, कारण त्यातून "पहिला सोडला, हा नवा" असाही अर्थ निघतो. "असू दे म्हणून एक दुसरा मारून ठेवतो" हे चालतं, कारण त्यात पहिला अजून सोडलेला नाही हे कळतं.

मराठीत बोलताना आपण सहज "अजून एक मारतो", "परत मारतो", "जाऊ दे, दुसरा घेतो" म्हणून जातो. यातलं एकही चालणार नाही. मी आता प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणतो: "प्रोव्हिजनल मारतोय, टायटलिस्ट तीन, दोन निळे ठिपके." म्हणजे बॉलची कंपनी, आकडा आणि खूण. समोरचा मान डोलावतो, मग स्टान्स घेतो.

खिशातून नुसता बॉल काढून दाखवला, किंवा सगळ्यांना माहीतच होतं, हे चालत नाही. शब्द नाही तर प्रोव्हिजनल नाही. न बोलता मारलात की दुसरा बॉल लगेच खेळात आला आणि पहिला नियमाने संपला. तो दहा सेकंदांत, स्वच्छ जागी सापडला तरी त्याला हात लावायचा नाही. ऐकायला जवळपास कुणीच नसेल तर नियम थोडी सवलत देतो: फटका मारा आणि जो पहिला भेटेल त्याला सांगा.

क्रमही पाळा. टीवर सगळ्यांचे पहिले फटके झाल्यावर प्रोव्हिजनल मारायचा, मध्येच नाही.

पायरी ३: दोन्ही बॉल वेगळे ओळखू आले पाहिजेत

ही पायरी बरेच जण सोडून देतात. त्याच डब्यातले दोन बॉल, त्याच कंपनीचे, त्याच आकड्याचे, खूण नाही. दोन्ही एकाच झुडपात गेले, मग कोणता कोणता? अशा गोंधळात नियम खेळाडूच्या बाजूने झुकत नाही. मैदानात एकच सापडला आणि ओळख पटत नसेल, तर तो प्रोव्हिजनल धरतात. म्हणजे पेनल्टी तुमच्या पदरात.

म्हणून घरूनच मार्कर पेनने खुणा करून निघा. माझ्या बॅगेत नेहमीच्या बॉलवर एक निळा ठिपका असतो आणि उजवा खिसा फक्त प्रोव्हिजनलसाठी राखलेला, त्यातल्या बॉलवर दोन ठिपके. कॅडीलाही हे पहिल्या टीवर सांगून ठेवतो. झुडपात वाकून बघतो तो कॅडीच, त्याला ठिपके माहीत असले पाहिजेत.

प्रोव्हिजनलही भरकटला तर? पुन्हा तिथूनच, पुन्हा शब्द उच्चारून, आणखी एक प्रोव्हिजनल. टीवर हा तिसरा बॉल म्हणजे तुमचा पाचवा फटका. पहिल्या प्रोव्हिजनलचं आणि दुसऱ्याचं नातं तेच, जे मूळ बॉलचं आणि पहिल्या प्रोव्हिजनलचं.

पायरी ४: तीन मिनिटं

१ जानेवारी २०१९ पासून शोधायला तीन मिनिटं मिळतात. त्याआधी पाच मिळायची. जुने खेळाडू अजून पाच धरून चालतात, त्यांना आठवण करून द्यावी लागते.

घड्याळ सुरू कधी होतं? तुम्ही किंवा तुमचा कॅडी शोधायला लागल्यापासून. आपल्याकडे जवळपास प्रत्येक क्लबमध्ये कॅडी असतोच आणि तो सवयीने पुढे धावतो. तुम्ही टीवरून रमतगमत येताय आणि कॅडी केव्हाचा गवतात काठी फिरवतोय. तुमची दोन मिनिटं तिथेच संपलेली असू शकतात. कॅडीने तुमच्या आधी शोध सुरू करावाच असं बंधन नाही. बॉल खोल रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) गेला असेल तर मी कॅडीला सांगतो, "तिथे जाऊन थांबा, मी आल्यावर शोधू." चौघांनी एकदम शोधलेली तीन मिनिटं एकट्याने चाचपडलेल्या तीन मिनिटांपेक्षा कितीतरी मोलाची.

दुसऱ्या खेळाडूने किंवा त्याच्या कॅडीने आधी शोधायला घेतलं असेल तर तो वेळ तुमच्या तीन मिनिटांत धरत नाहीत. मागच्या ग्रुपला वाट द्यायला तुम्ही शोध थांबवला, तर तेवढा वेळही वजा होतो.

शोधताना गवत बाजूला करा, फांद्या हलवा, वाजवी रीतीने जे करावं लागेल ते करा. शोधता शोधता पायाने बॉल हलला तर पेनल्टी नाही, तो मूळ जागी परत ठेवायचा, नेमकी जागा माहीत नसेल तर अंदाजाने. ओळखायला बॉल उचलायचा असेल तर आधी जागेवर खूण करा आणि ओळख पटण्यापुरताच पुसा. खूण न करता उचलला, किंवा पूर्ण लख्ख पुसला, तर एक पेनल्टी.

दोन मिनिटं पन्नास सेकंदांना बॉल दिसला, पण तो काटेरी झुडपात आहे आणि ठिपका दिसत नाही. घाबरू नका. तीन मिनिटांत सापडला असेल तर ओळख पटवायला वाजवी वेळ मिळतो. तीन मिनिटं दहा सेकंदांना सापडला, तर मात्र तो हरवलेलाच, समोर दिसत असला तरी. तो खेळलात तर तो "चुकीचा बॉल". फोनवर टायमर लावा. यात संकोच करू नका, मार्करलाही बरं वाटतं.

पायरी ५: प्रोव्हिजनल किती पुढे नेता येतो?

इथे आकडे घेऊन बघू. होल ३८० यार्डांचा आहे. पहिला बॉल टीपासून साधारण २१० यार्डांवर झाडीत गेला असावा, म्हणजे होलपासून १७० वर. प्रोव्हिजनल नीट लागला नाही, तो १६० यार्डच गेला, होलपासून २२० वर.

प्रोव्हिजनल अजून पहिल्या बॉलच्या अंदाजे जागेपेक्षा होलपासून दूर आहे. तो आणखी एकदा मारता येईल, तो प्रोव्हिजनलच राहतो. समजा मारलात आणि तो होलपासून ९० यार्डांवर जाऊन थांबला. टीवरचा एक, पेनल्टी, टीवरून प्रोव्हिजनल म्हणजे तीन, आणि हा चौथा.

आता थांबा. आधी झाडीत जा आणि पहिला बॉल शोधा. कारण ९० यार्डांवरून तुम्ही तो मारलात त्या क्षणी प्रोव्हिजनल खेळातला बॉल होतो आणि पहिला बॉल कायमचा जातो. तीन मिनिटं सुरूसुद्धा झालेली नसली तरीही. दहा पावलांवरून कुणी "सापडला!" म्हणून ओरडलं तरी उपयोग नाही.

फटका मारल्यानेच दर्जा बदलतो. प्रोव्हिजनलजवळ नुसतं चालत गेल्याने, पुढे जाऊन ग्रीन बघून आल्याने तो बदलत नाही. आणि मोजायचं ते प्रत्यक्ष सापडलेल्या जागेपासून नाही, बॉल जिथे असेल असा प्रामाणिक अंदाज आहे तिथपासून. तो अंदाज चालायच्या आधीच ग्रुपमध्ये बोलून घ्या: "त्या मोठ्या झाडाच्या आसपास ना?" नंतर वाद राहत नाही.

पायरी ६: पहिला सापडला

मैदानात, तीन मिनिटांत सापडला तर तोच खेळायचा आणि प्रोव्हिजनल उचलायचा. त्यावर मारलेले सगळे फटके आणि पेनल्टी हिशोबातून जातात.

कठीण प्रसंग येतो तो पहिला बॉल सापडतो, पण बाभळीच्या मुळांत, मारणं अशक्य अशा जागी, तेव्हा. प्रोव्हिजनल फेअरवेवर चमकत असतो. मन म्हणतं, तोच खेळावा. नाही खेळता येत. बॉल सापडला म्हणजे सापडला. आता तुमच्यापुढे रस्ते अनप्लेएबलचे, एक पेनल्टी घेऊन: पुन्हा टीवर जाऊन मारणं, होल आणि बॉल यांची रेषा धरून हवं तितकं मागे जाऊन ड्रॉप, किंवा बॉलपासून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप. टीवर परत गेलात तर तिथून मारलेला फटका तिसराच. म्हणजे प्रोव्हिजनलने जे मिळालं होतं त्याच आकड्यावर, पण नव्याने मारून. हे अन्यायाचं वाटतं हे मला मान्य आहे. पण दोन बॉलमधला बरा निवडायची मोकळीक दिली, तर प्रत्येक जण प्रत्येक शंकेला दोन मारून ठेवील.

म्हणूनच काही जण म्हणतात, "मला पहिला नकोच, तो हरवला असं धरा." असं धरता येत नाही. नियमात बॉल "हरवला" असं जाहीर करण्याची सोयच नाही. तो हरवतो तीन मिनिटं संपल्यावरच; प्रोव्हिजनल पुढून मारून तुम्ही तो खेळात आणलात, तर पहिला खेळातून जातो. शोधायचं नसेल तर शोधू नका आणि सरळ पुढे जाऊन प्रोव्हिजनल मारा. पण तुम्ही मारण्याआधी दुसऱ्या कुणाला तो मैदानात सापडला, तर जाऊन बघावं लागेल. मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत मोजायच्या सामन्यात) समोरचा मुद्दाम शोधायला जाऊ शकतो, तुम्ही "शोधू नका" म्हणालात तरी. तो त्याचा हक्क आहे. पार तीनच्या होलवर पहिला झुडपात आणि प्रोव्हिजनल पिनपासून (होलमधल्या झेंड्यापासून) दोन फुटांवर, हे दृश्य ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे कळेल.

याच्याही पुढची गंमत: पार तीनवर प्रोव्हिजनल थेट होलमध्ये गेला! तीनचा स्कोअर. पण तो बॉल तुम्ही होलमधून काढेपर्यंत तो पक्का नाही. त्याआधी पहिला मैदानात, वेळेत सापडला तर तोच खेळायचा.

पहिला पेनल्टी एरियात सापडला, किंवा तो तिथेच आहे हे माहीत आहे किंवा जवळपास नक्की आहे, तरी प्रोव्हिजनल सोडावा लागतो आणि पेनल्टी एरियाच्या नियमाने पुढे जायचं. "जवळपास नक्की" म्हणजे नियमपुस्तकाच्या भाषेत ९५ टक्के. "बहुतेक नाल्यातच असेल" हे ९५ टक्के नव्हे. गवतात असण्याची खरी शक्यता शिल्लक असेल आणि बॉल सापडत नसेल, तर प्रोव्हिजनलच खेळायचा, नाल्याकाठी ड्रॉप घ्यायचा नाही.

प्रोव्हिजनल मारलाच नाही, आता?

टीवर वाटलं बॉल दिसेल आणि पुढे गेल्यावर कळलं नाही दिसत. तीन मिनिटं संपलेली नसतील तर मागे जाऊन अजूनही प्रोव्हिजनल मारता येतो. पुढे चालत गेलात म्हणून हक्क जात नाही. तीन मिनिटं संपली की परत जाऊन मारलेला तो सरळ खेळातला बॉल.

रोजच्या खेळासाठी क्लबला एक पर्यायी स्थानिक नियम लावता येतो, आदर्श नियमांच्या यादीत त्याचा क्रमांक ई-५. बॉल जिथे हरवला असावा किंवा हद्द ओलांडून गेला त्या जागेचा अंदाज घ्या. तिथून होलच्या जवळ न जाता सर्वांत जवळची फेअरवेची कड शोधा. या दोन जागांच्या दरम्यान, फेअरवेच्या कडेपासून आत दोन क्लब लांबीपर्यंत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप घ्या. पेनल्टी दोन स्ट्रोक, म्हणजे टी शॉट हरवला असेल तर पुढचा फटका चौथा. टीवर परत गेला असता तर तिसरा मारून साधारण तिथेच पोहोचला असता आणि चौथा मारला असता, हिशोब तोच.

दोन अटी मात्र पक्क्या. कमिटीने हा नियम लावलेला असला पाहिजे, म्हणून नोटीस बोर्ड बघा किंवा स्टार्टरला विचारा. आणि प्रोव्हिजनल मारला असेल तर मूळ बॉलसाठी हा पर्याय मिळत नाही. मोठ्या स्पर्धांसाठी हा नियम मुळात नाहीच.

पावसाळ्यातले बॉल

जून ते सप्टेंबर आपल्या मैदानांवर बॉल फेअरवेवरही हरवतो. चिखलात रुततो आणि चौघांनी पडताना पाहिलेला असूनही दिसत नाही. "सगळ्यांनी पाहिला" म्हणून सवलत मिळत नाही. मिळाला नाही तर हरवला.

फरक पडतो तो साचलेल्या पाण्याचा किंवा दुरुस्तीसाठी आखलेल्या जागेचा. बॉल त्यातच आहे हे जवळपास नक्की असेल, म्हणजे पाणी उडालेलं पाहिलं आणि आजूबाजूला लपायला दुसरं काही नाही, तर पेनल्टीशिवाय ड्रॉप मिळतो. बॉलने त्या जागेची कड कुठे ओलांडली तो बिंदू धरून मोजायचं.

कावळ्याने किंवा कुत्र्याने बॉल उचलून नेला तर? हेही घडतं. कुणी पाहिलं असेल, तर पेनल्टीशिवाय दुसरा बॉल मूळ जागी ठेवायचा. नुसता संशय असेल तर नाही.

चुकीचा बॉल खेळलात तर

हरवून संपलेला पहिला बॉल खेळणं, किंवा सोडून द्यायला हवा होता तो प्रोव्हिजनल खेळत राहणं, दोन्ही चुकीच्या बॉलच्या कक्षेत येतात. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन पेनल्टी, चुकीच्या बॉलवरचे फटके मोजायचे नाहीत आणि योग्य बॉलवर येऊन चूक सुधारायची. पुढच्या टीवरून फटका मारण्याआधी सुधारली नाही, तर बाद. शेवटचा होल असेल तर कार्ड देण्याआधी. मॅच प्लेमध्ये तो होल गेला.

मैदानावर अडलात, काय करायचं कळत नाही आणि विचारायला रेफरी नाही, तर स्ट्रोक प्लेमध्ये आणखी एक मार्ग आहे: शंका असलेला होल दोन बॉलनी पूर्ण करा. हे प्रोव्हिजनलपेक्षा वेगळं आहे, दोन्हींची गल्लत करू नका. शंका उद्भवल्यावर, पुढचा फटका मारण्याआधीच मार्करला सांगायचं, "दोन बॉल खेळतोय, नियमाने चालत असेल तर हा मोजावा." दोन्ही पूर्ण खेळायचे, दोन्ही स्कोअर लिहून ठेवायचे आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळी हकिगत सांगायची. दोन्ही बॉलवर स्कोअर सारखाच आला तरीही सांगावंच लागतं. न सांगता कार्ड दिलं तर खेळाडू बाद होतो. मॅच प्लेमध्ये हा मार्ग नाही.